एक तोळा म्हणजे किती दिवसांची खुरपणी?

(रेडिओवर केलेल्या भाषणावरून)

परळी-बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यातून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या बाया. कुणी शेतमजुरी करतं, कुणी दोन-तीन एकराचं रान बघतं, कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी शिलाई करतं.

आज सांगायचं आहे ते आमच्या बैठकीतल्या एका भांडणाबद्दल. हे भांडण तुमच्याही घरात होत असणार. आजी म्हणते, आमच्या वेळी स्वस्ताई होती. नात म्हणते, तुमच्या वेळी सगळं सोपं होतं. आणि मधली सून दोघींचं ऐकत भाकरी थापते. खरं कुणाचं? आम्ही एक दिवस वही-पेन घेऊन बसलो आणि हिशोब केला.

झालं असं. गटातल्या एका बाईनं पन्नास हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर लेकीच्या लग्नात घालायच्या सोन्यासाठी. लेक बारावी विज्ञान झालेली. स्थळ आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, दोन एकर कोरडवाहू, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळीत जाणारा. कोयता म्हणजे जोडी, हे आपल्या भागात सांगायला नको. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, बायको असली की पूर्ण. त्या घराला सून हवी होती आणि फडाला जोडीदारीण.

लेकीचं म्हणणं दुसरंच. तिचा औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला, म्हणजे बी. फार्मला नंबर लागत होता. ती बैठकीत आली आणि म्हणाली, "तेच पन्नास हजार मला वसतिगृहाला द्या."

आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाला दोनशे रुपयाला तोळा व्हता गं. आता पन्नास हजार घेऊन अर्धा तोळा येतो. तुमाला पैसे लई मिळतेत, पर हातात कायच ऱ्हात न्हाई."

नात चटकन म्हणाली, "आजी, दोनशेला तोळा होता, पण तुझ्याकडं दोनशे होते का?"

सगळ्या हसलो. पण प्रश्न अगदी बरोबर होता. नुसती किंमत सांगून काही कळत नाही. ती वस्तू घ्यायला किती दिवस राबावं लागत होतं, ते बघायला पाहिजे. रुपया प्रत्येक पिढीत बदलतो. पण सकाळी भाकरी बांधून रानात जायचं आणि दिवस मावळताना परत यायचं, तो बाईचा दिवस आजीचाही तेवढाच होता आणि नातीचाही तेवढाच आहे. म्हणून आम्ही रुपये सोडले आणि मजुरीचे दिवस मोजले.

पहिलं सोनंच घेतलं. आजीनं 1972 च्या दुष्काळात खडी फोडली. ती सांगते, दिवसाला अडीच रुपये मिळायचे. त्या वर्षी दहा ग्रॅम सोन्याचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एक तोळा सोनं ऐंशी दिवसांच्या मजुरीचं. सुनेचं लग्न 2000 साली झालं. तेव्हा सोनं साधारण चार हजार चारशे रुपये, आणि तिला खुरपणीला मिळायचे चाळीस. म्हणजे एकशे दहा दिवस. आणि 2025 मध्ये सोन्यानं लाखाचा आकडा ओलांडला. आपल्याकडं खुरपणीला कुठं अडीचशे मिळतात, कुठं तीनशे. हिशोबाला आम्ही रोजगार हमीचा 2025-26 चा महाराष्ट्राचा दर धरला, 312 रुपये. लाखाला 312 नं भागलं, तर आले तीनशे वीस दिवस. एकही खाडा न करता जवळजवळ वर्षभर राबायचं, आणि त्यातला एक पैसा खायला वापरायचा नाही, तेव्हा एक तोळा.

आजी म्हणाली, "बगा, म्या म्हणत व्हते न्हवं!" सोन्याच्या बाबतीत आजीचं खरं निघालं. पण आम्ही तिथंच थांबलो नाही.

दुसरं घेतलं पोट. आम्ही आजीला विचारलं, त्या अडीच रुपयांचं काय व्हायचं? ती म्हणाली, सगळे खाण्यात जायचे, आणि तरी पुरायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना लाल मिलो आठवते. परदेशातून आलेली ती ज्वारी, तिची भाकरी धड थापता येत नव्हती. कामावर लेकरांना सुकडी मिळायची. आजी सांगते, सुकडी अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून घरी न्यायची. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा राज्याचा कायदा झाला, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. कामावर बाईला आणि गड्याला एकच दर, हेही आजीनं तिथंच पहिल्यांदा पाहिलं. शेतात तेव्हा बाईला कमीच मिळायचं. आजही बऱ्याच ठिकाणी कमीच मिळतं.

आता सरकारची एक पाहणी असते, राष्ट्रीय नमुना पाहणी. घराघरांत जाऊन विचारतात, खर्च कशावर किती केला. देशभरातल्या खेड्यांचा हिशोब तिथं मिळतो. 1972-73 साली खेड्यातलं घर शंभर रुपये खर्च करायचं, तर त्यातले 73 रुपये खाण्यापिण्यावर जायचे. 1999-2000 साली, म्हणजे सुनेच्या लग्नाच्या सुमाराला, ते 59 झाले. आणि 2023-24 साली 47.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. आजीच्या शंभरातून खाणं वजा केलं की 27 उरायचे. त्यातच लुगडं, दिवाबत्ती, दवाखाना, लग्न, सगळं. नातीच्या घरात 53 उरतात. म्हणजे पोटाच्या बाबतीत नातीचं खरं. आज रेशनचं धान्य 2023 पासून फुकट मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. तेल आणि डाळ महाग आहे, हे आम्हीही रोज बोलतो. पण धान्य नाही म्हणून चूल पेटली नाही, अशी रात्र आजीनं काढली आहे. नातीनं नाही. स्वस्ताई होती असं आजी म्हणते, तेव्हा तिला भाव आठवतो. रिकामं मडकं सांगायला तिला लाज वाटते. आम्ही विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

मग ते 53 रुपये जातात कुठं? सुनेनं वहीत लिहून काढलं. फोनचे रिचार्ज, मोटारसायकलचं पेट्रोल, वीजबिल, गॅस, लेकरांची शिकवणी, दवाखाना. यातलं एकही आजीच्या घरात नव्हतं, दवाखाना सोडला तर. आणि दवाखान्यातही माणूस फार आजारी पडलं तरच जायचे. एक साधी गोष्ट बघा. रिचार्ज महिन्याचा म्हणतात, पण तो असतो अठ्ठावीस दिवसांचा. वर्षात बारा नाही, तेरा होतात. तीनशेचा एक रिचार्ज म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. घरात तीन फोन असले, तर वर्षाचे एकोणचाळीस रिचार्ज, म्हणजे सदतीस-अडतीस दिवसांची खुरपणी. फोन नको असं आम्ही म्हणत नाही. आज फोन नसला तर ना शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, ना कामाचा निरोप येतो. पण तो किती दिवसांना पडतो, एवढं ठाऊक असावं.

तिसरी गोष्ट रानाची. महाराष्ट्रात 1970-71 साली एका खातेदाराकडं सरासरी सव्वाचार हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. भावाभावांत वाटण्या झाल्या आणि बांधच वाढले. कापसाचंही तसंच. आपल्याकडं जुनी माणसं सांगतात, एका क्विंटल कापसात एक तोळा सोनं यायचं. सरकारनं लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 साठी हमीभाव 8,110 रुपये जाहीर केला होता. तो पुरा मिळाला असं धरलं, तरी एका तोळ्याला बारा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. त्यात बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी वेगळी. इथं पुन्हा आजीचं खरं. तिच्या सासऱ्याला शेतीवर जेवढा भरवसा ठेवता येत होता, तेवढा तिच्या नातवाला ठेवता येत नाही. शिवाय सोयाबीन आलं, तणनाशक आलं, आणि खुरपणीचे दिवस कमी झाले. मजुरीचा दर वाढला, पण काम मिळण्याचे दिवस वाढले नाहीत.

चौथी गोष्ट उचलीची. ही आम्ही मुद्दाम काढली, कारण स्थळ तिकडचं होतं. सून स्वतः सहा हंगाम फडावर गेलेली आहे. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला साधारण 366 रुपये दर आला. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर दिवसाचे 732 रुपये, दोघांचे मिळून. लाख रुपये उचल घेतली, तर ती फेडायला एकशे सदतीस दिवस लागतात. हंगाम असतो साडेचार-पाच महिन्यांचा. म्हणजे सगळा हंगाम दिवाळीआधीच खर्च झालेल्या पैशासाठी राबायचं. फडावर पहाटे चारला उठून तिनं स्वयंपाक केला, पाणी भरलं, मोळ्या डोक्यावरून गाडीत टाकल्या, आणि पैसे मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात गेले. आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचा दंड. 2019 साली आपल्या बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात तेरा हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा खर्च कोणत्या मजुरीच्या दिवसांत मोजायचा, ते आम्हाला सुचलं नाही. वहीत तो रकाना आम्ही तसाच ठेवला.

आता पाचवी गोष्ट, दारं किती उघडी आहेत. आजीला शाळेत घातलंच नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. आजीनं चिमण्यांचा धूर लांबून पाहिला, पण तिथल्या कामाचा पगार घरी आणणारे बहुतेक पुरुषच होते. सून सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. नातीला बारावीपर्यंत फी पडली नाही. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली देशानं कायदा बदलला, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीचा लेकाइतका हक्क झाला. 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. आणि 2024 साली राज्यानं ठरवलं की वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. ही सवलत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींसाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. फॉर्म भरायच्या आधीच कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या.

म्हणजे नातीसमोर दार उघडं आहे. पण दारापर्यंत जायला पैसा लागतो. फी माफ झाली तरी खोली, खानावळ, पुस्तकं आणि प्रवास राहतोच. आम्ही विचारपूस केली. महिन्याला पाच हजार धरले, तर दहा महिन्यांचे पन्नास हजार. म्हणजे एकशे साठ दिवसांची मजुरी.

इथं आमची वही थांबली आणि सगळ्या गप्प झालो. कारण एक तोळा सोनं तीनशे वीस दिवसांचं, आणि वसतिगृहाचं एक वर्ष एकशे साठ दिवसांचं. एका तोळ्यात दोन वर्षं. चार वर्षांची पदवी दोन तोळ्यांत. लग्नात तर तीन तोळे घालायचं चाललं होतं.

आजीनं मग जे विचारलं ते सोडून देण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "सोनं अडीनडीला मोडता येतं. पदवी मोडता येती का?" बरोबर आहे. सोन्याचा भाव चढतच गेला, हे आम्हीच वहीत लिहिलं होतं. आणि शिकून घरी बसलेली पोरं-पोरीही गावात आहेत. पहिला पगार मोठा नसतो, हेही खरं.

पण सुनेनं तिला विचारलं, "आत्याबाई, माझ्या लग्नातलं दीड तोळं कुठंय?" आजी काही बोलली नाही. ते बोअरसाठी मोडलं होतं, आणि बोअरला पाणी लागलं नाही. त्याआधी आजीचं स्वतःचं डोरलं नवऱ्याच्या दुखण्यात गेलं होतं. सोनं बाईच्या अंगावर असतं, पण ते मोडायचं कधी हे ठरवणारी बाई फार कमी घरांत असते. शिकलेलं मात्र दुसऱ्या कुणाला गहाण टाकता येत नाही. म्हणून घरात सोनं असूच नये असं आम्ही म्हणत नाही. कर्ज काढून सोनं घेऊ नये, एवढं म्हणतो.

आता कर्जाचं. आजीच्या वेळी एकच दार होतं, सावकाराचं. आजही काही घरं तिथंच जातात. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच रुपये, वर्षाला साठ. पन्नास हजारांचं महिन्याचं नुसतं व्याज अडीच हजार, म्हणजे आठ दिवसांची मजुरी, आणि मुद्दल आहे तिथंच. तेच पन्नास हजार उमेद अभियानातल्या गटाला बँकेतून वर्षाला सात टक्क्यांनी मिळतात. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला हा दर आहे. दोन वर्षांत फेडायचं धरलं, तर मुद्दल आणि व्याज मिळून महिन्याला सव्वादोन हजारांचा हप्ता येतो. म्हणजे सात दिवसांहून थोडी जास्त मजुरी, आणि दोन वर्षांनी कर्ज संपतं. सावकाराच्या नुसत्या व्याजाहून हा हप्ता कमी आहे. सुनेच्या पिढीला मिळालेली सगळ्यात मोठी संधी कोणती, असं विचाराल तर आम्ही गटाचं नाव घेऊ. गटाची दर महिन्याची बैठक आणि बचत मोडू देऊ नका. ते कर्ज त्याच्यावरच उभं असतं.

दवाखान्यासाठी कर्ज काढायच्या आधीही एक विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. योजनेत असलेल्या दवाखान्यातच जा, आणि भरती होतानाच कागद दाखवा. एका ऑपरेशननं दोन वर्षांची मजुरी गेलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

आमच्या बैठकीत ठरलं काय? कर्ज दिलं. सोन्यासाठी नाही, वसतिगृहासाठी. पोरीच्या बापाला ते लगेच पटलं नाही. दोन बैठका गेल्या. फेडणार कशातून, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. सुनेनं महिन्याचे आठ दिवस हप्त्यासाठी वेगळे लिहून दाखवले, तेव्हा तो हो म्हणाला. स्थळ गेलं. मुलगा चांगला होता, त्याची हळहळ सुनेला अजून वाटते. आतापर्यंत चार हप्ते वेळेवर आले आहेत. पुढचे कसे येतील आणि पोरीला नोकरी कधी लागेल, ते आज कुणीच सांगू शकत नाही. पण निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला, एवढं समाधान आहे.

तुमच्या गटातही हे करून बघा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. आजी, आई आणि लेक. डाव्या बाजूला लिहा: दहा किलो ज्वारी, एक लुगडं किंवा साडी, एक तोळा सोनं, एक एकर रान, एका बाळंतपणाचा खर्च, एका लेकराचं वर्षाचं शिक्षण. मग प्रत्येकीला विचारा, तेव्हा भाव काय होता आणि तुला मजुरी काय होती. भावाला मजुरीनं भागा. जे उत्तर येईल ते दिवस. आजींना आधी बोलू द्या. त्यांना आकडे आठवतात, फक्त कुणी विचारत नाही.

मग जे स्वस्त झालं आणि जे महागलं, ते समोर दिसेल. आमच्या वहीत धान्य स्वस्त झालं. सोनं आणि दवाखाना महागला. शिक्षणाचं दार उघडलं, पण तिथवरचा रस्ता अजून महाग आहे. आजीची पिढी पोटासाठी झगडली. नातीच्या पिढीला पुढं सरकण्यासाठी झगडावं लागतंय. दोघींचं खरं आहे. भांडण मिटलं असं नाही, पण आता भांडताना दोघींच्या हातात वही असते.

आणि आजी? पोरगी वसतिगृहात गेली त्या दिवशी तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बांधून दिला आणि विचारलं, "एसटीला तिकीट अर्धंच घेतेत न्हवं? कंडक्टरला नीट सांग." हिशोब तिलाही लागला आहे.